बाहीवरचं विष

"थुंका! लाजू नका, थुंका! माणूस खोटं बोलेल, त्याची थुंकी बोलणार नाही!"

बस डेपोच्या मागच्या सभागृहात रविवारी सकाळी दोनेकशे माणसं दाटीवाटीने उभी होती. पुढे व्यासपीठावर एक टेबल, टेबलावर काचेच्या ग्लासांची रांग आणि त्यामागे पांढरा कोट घातलेला एक उंच माणूस. लोक त्याला गुरुजी म्हणत. चिमटीचिमटीने पूड टाकायची त्याची लकब बघून मी पहिल्या पाच मिनिटांतच त्याचं नाव चिमूटबाबा ठेवलं.

टेबलापाशी एक धिप्पाड बस ड्रायव्हर उभा होता. त्याने चूळ भरली आणि ग्लासात टाकली. चिमूटबाबाने बारक्या बाटलीतून तपकिरी पाण्याचे चार थेंब त्यात सोडले. "हा परीक्षक अर्क. याला आजवर कोणी फसवलेलं नाही." ग्लासातलं पाणी बघता बघता निळंकाळं झालं, शाईची दौत उपडी करावी तसं. सभागृहभर "अगं बाई!" आणि "बापरे!" झालं.

"किती वर्षं गाडी चालवता?"

"वीस," ड्रायव्हर म्हणाला.

"बघा! वीस वर्षांचा धूर, वीस वर्षांची चिंता, वीस वर्षांचं जागरण! सगळं विष रक्तात. आणि आता बघा आम्लसंजीवनीचा प्रताप!" त्याने पांढऱ्या डब्यातली पूड चिमटीत धरली, हात उंच नेला, दोन क्षण सगळ्यांना ताटकळत ठेवलं आणि पूड ग्लासात सोडली. चमच्याने ढवळलं. पाणी स्वच्छ. नळाचं असतं तेवढं स्वच्छ. टाळ्यांनी पत्रे हादरले.

मला टाळी वाजवावीशी वाटेना. मी मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात मुकादम आहे. रक्त, औषधं, मलमं, गंज, बावीस वर्षं मी डागांशीच भांडते आहे. डाग इतक्या मुकाट्याने जायला लागला की मला संशय येतो, कारण तो बहुधा गेलेला नसतो, नुसता दिसेनासा झालेला असतो. हा रंग मी कुठेतरी पाहिलाय असं सारखं वाटत होतं. कुठे ते आठवेना. एक गोष्ट मात्र धंद्याच्या नजरेने टिपली. चिमूटबाबाचा कोट फार छान होता. बाह्या पुठ्ठ्यासारख्या ताठ, इस्त्रीची घडी सुरीसारखी. खळ ज्याने केली त्याला कामावर ठेवावं, इतकी छान.

"जुलाब होतील," तो सांगत होता. "घाबरू नका, विष निघतंय! डोकं दुखेल. विष निघतंय! कंबर धरेल. विष निघतंय!"

"आणि काहीच झालं नाही तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तर विष लपून बसलंय. चमचा वाढवा!"

लोक हसले. मला हसू येईना. दारात नव्या लोकांना बिस्किटं वाटत उभी असलेली बाई माझी थोरली बहीण होती, आणि बिस्किटांचा डबा एका हाताने सावरत दुसरा हात ती सारखा कमरेला लावत होती.

ताईला एकच मूत्रपिंड आहे. दुसरं पंधरा वर्षांपूर्वी गेलं. खडा अडकला, तिने तो महिनाभर अंगावर काढला, आणि हॉस्पिटलात पोचली तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं: पाणी भरपूर प्या, उरलेल्याला जपा. पण ताई शिवणकाम करते. एकदा मशीनवर बसली की ब्लाउज संपेपर्यंत उठायचं नाही, आणि उठावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. हा तिचा जुना शहाणपणा.

शिबिर संपल्यावर मी तिच्याबरोबर घरी गेले. शिवणाच्या मशीनशेजारी, दोऱ्यांच्या रिळांमध्ये आम्लसंजीवनीचा डबा ठेवलेला. डब्यावर मोठा उगवता सूर्य आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: व्हिटॅमिन सी.

"अगं, हे तर साधं सी जीवनसत्त्व आहे."

"साधं म्हणू नकोस. लिंबात असतं तेच, पण शुद्ध केलेलं. लिंबाने कोणाचं वाईट झालंय का?"

"किती घेतेस?"

"सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एकेक चमचा. शीग लावून."

"ताई, किती दिवस?"

"दीड महिना झाला. पहिल्या तपासणीत माझा ग्लास त्या ड्रायव्हरपेक्षा काळा होता, माहितीये? आणि एकवीस दिवसांनी परत तपासलं तर एक थेंब रंग आला नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. म्हणून तर सेवा करते तिथे."

"आणि कंबर कशाने दुखते?"

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "विष निघतंय."

मग माझा तोल सुटला. मी म्हणाले, विष त्या चिमूटबाबाच्या जिभेवर आहे, तू शिकलेली बाई असून असल्या थुंकी-बाबाच्या नादी लागतेस, लोक हसतील. आणखीही काय काय बोलले. मी घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो. ताईने शांतपणे सुईत दोरा ओवला.

"चल हॉस्पिटलात. नुसती तपासून घे."

"त्या हॉस्पिटलात मी एक ठेवून आलेय," ती म्हणाली. "दुसरं ठेवायला यायचं नाही मला."

तिची भीती खोटी नव्हती. मी डब्यातली थोडी पूड कागदात बांधली, "मीही घेऊन बघते" अशी थाप मारली आणि निघाले. तिचा चेहरा एवढा खुलला की मला माझीच लाज वाटली.

पुढचे दोन दिवस माझा पाय जागेवर ठरेना. चादरी मोजताना आकडा चुकायचा, कामावरच्या बायकांवर मी उगाच खेकसायचे. फोन केला की ताई म्हणायची, "बरी आहे गं," आणि त्या 'बरी'च्या मागे दम लागल्याचा आवाज यायचा. तो निळाकाळा रंग तर डोळ्यांपुढून हलत नव्हता.

बुधवारी सकाळी धुलाईघरात घोळ झाला. आमच्याकडे कपड्यांचा क्रम ठरलेला आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीतून येणाऱ्या कपड्यांवर आयोडीनचे तपकिरी डाग असतात, कारण कापण्याआधी कातडीला तेच फासतात. असे कपडे आधी हायपोच्या टाकीत. हायपो म्हणजे मिठासारखे खडे, पाण्यात विरघळवले की आयोडीनचा डाग तिथल्या तिथे मावळतो. मग धुणं, आणि डॉक्टरांच्या कोटांना सगळ्यांत शेवटी खळ. क्रम कधी चुकत नाही. पण सुरक्षारक्षकाच्या कामावरून पन्नाशीत आमच्याकडे बदली झालेले एक काका त्या आठवड्यात नवीन होते. एका मळक्या कोटाला त्यांनी धुतलेल्यांत ढकललं आणि थेट खळीच्या टबात बुडवलं.

"मॅडम," ते घाबरून हाका मारायला लागले, "इकडे या जरा! कोट सडला!"

मी धावत गेले. कोटाच्या छातीवर हाताच्या पंजाएवढा डाग. तपकिरी नाही. निळाकाळा.

मी तशीच उभी राहिले. बावीस वर्षं आम्ही इतकं शिस्तीने काम केलं की आयोडीन आणि खळ यांची गाठ कधी पडूच दिली नव्हती. काकांनी अडाणीपणाने ती पाडून दिली आणि माझ्या डोक्यातला दिवा लागला.

"काका, तुमचं भलं होवो," मी म्हणाले. त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय.

पर्समधली पुडी काढली. चिमूटभर पूड ओली करून त्या डागावर चोळली. डाग गेला. मग तसाच दुसरा डाग करून त्यावर हायपोचं पाणी ओतलं. तोही गेला. खळ म्हणजे पिष्ट. पिष्ट भाकरीत असतं, बटाट्यात असतं, भातात असतं. आणि बिस्किटात असतं.

बिस्किटात! दारात डबा घेऊन कोण उभं असतं?

मी ओल्या हातांनीच जिना चढून मूत्रपिंडाच्या विभागात गेले. तिथल्या डॉक्टरबाई मला ओळखतात, कोटाला खळ जास्त झाली म्हणून दर महिन्याला भांडायला येतात. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दिवसाला तीन चमचे? शीग लावून? म्हणजे बारा-पंधरा ग्रॅम. अहो, माणसाला दिवसाला एक दशांश ग्रॅमही पुष्कळ होतं. एक संत्रं, एखादा पेरू खाल्ला की काम झालं."

"म्हणजे ते वाईट असतं का?"

"मुळीच नाही. ते नसेल तर हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. पूर्वी लांबच्या प्रवासातले खलाशी त्याच्या अभावी मरायचे. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते, एवढंही मी मान्य करीन. पण शरीर त्याचा साठा करत नाही. जास्त झालेलं लघवीतून जातं, आणि त्यातल्या काहीचं ऑक्झलेट होतं. मुतखडे बहुतेक त्याचेच असतात. दोन ग्रॅमच्या वर कोणीच जाऊ नये. ज्याला खड्याची सवय आहे, एकच मूत्रपिंड आहे, त्याने तर..." त्या थांबल्या. "त्यांना लघवी नीट होतेय का?"

मी तिथूनच फोन लावला. ताई सभागृहात होती, बुधवारीही शिबिर असायचं. मागे टाळ्या ऐकू येत होत्या.

"ताई, लघवी होतेय ना तुला?"

"काय गं हे, चारचौघांत..." ती कुजबुजली. "काल दुपारपासून नाही झाली. गुरुजी म्हणाले, विष आटलं की असं होतं."

डॉक्टरबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "आत्ता घेऊन या. उद्या नाही, आत्ता."

उचलून तर आणता येणार नव्हतं. ती हटून बसली असती, आणि पंधरा वर्षांपूर्वी ती तशीच हटून बसली होती. मी धुलाईघरातून हायपोच्या पाण्याची एक बाटली भरून घेतली आणि टॅक्सी पकडली. सिग्नलला मी दारावर बोटं आपटत होते. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, दार तुटेल." मी म्हणाले, "तुटू दे."

ताई दारातच होती. चेहरा मेणासारखा, पाय सुजलेले. मला बघून तरीही हसली. "आलीस शेवटी! घे, नव्यांनी आधी बिस्किट खायचं. रिकाम्या पोटी अर्क चालत नाही."

मी बिस्किट घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि रांग मोडून थेट व्यासपीठावर गेले. लोक ओरडले. मी चूळ भरून ग्लासात टाकली.

"माझं विष दाखवा."

चार थेंब पडले. पाणी फिकट पिवळं झालं आणि तसंच राहिलं.

चिमूटबाबाच्या भुवया जराशा हलल्या, पण गडी मुरलेला होता. "पाहा मंडळी! काही शरीरं भाग्यवान असतात. शुद्ध!"

"थांबा, इतक्यात शुद्ध म्हणू नका." मी पर्समधून बिस्किट काढलं, सगळ्यांसमोर कचाकचा चावलं आणि दुसऱ्या ग्लासात चूळ टाकली. बाटली त्याच्या हातून मीच घेतली. चार थेंब. शाई!

मी दोन्ही ग्लास उंच धरले.

"दोन मिनिटांत मला कुठला रोग झाला, गुरुजी?"

"संशयी माणसाचं विष जिभेवर येतं!" तो गरजला. काही लोकांनी टाळ्याही वाजवल्या. काय म्हणावं लोकांना!

"बरं, माझी जीभ विषारी. तुमची बाही तर पवित्र आहे ना?" आणि तो मागे सरकायच्या आत मी बाटली त्याच्या त्या सुंदर, ताठ, खळ केलेल्या बाहीवर उपडी केली.

मनगटापासून कोपरापर्यंत बाही निळीकाळी होत गेली. पुढच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळीकडून हसू फुटलं.

"हे आयोडीन आहे," मी ओरडून सांगितलं. "आमच्या हॉस्पिटलात पिंपाने येतं. पीठ दिसलं की ते काळं होतं. पीठ बिस्किटात आहे, पीठ बाहीच्या खळीत आहे. बाहीला कसली वीस वर्षांची चिंता?"

"पण पूड टाकली की स्वच्छ होतं, ते?" तो धिप्पाड बस ड्रायव्हर दुसरा डबा घ्यायला आला होता. त्याने हे खरोखर जाणून घ्यायला विचारलं.

"होतं ना. आयोडीनचा रंग त्याने जातो. याने पण जातो." मी हायपोचं पाणी काळ्या ग्लासात ओतलं. पाणी स्वच्छ. "हे चादरी धुवायचं आहे. घेणार रोज तीन चमचे? ग्लासात घडतं ते ग्लासात घडतं, दादा. तुमच्या रक्तात ना आयोडीन आहे ना बिस्किट."

"आणि एकवीस दिवसांनी रंगच येत नाही, ते कसं?" एका बाईने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आधी दारातून आवाज आला. ताईचा.

"जुन्यांनी उपाशी यायचं असतं." ती डब्याकडे बघत होती. "नव्यांना बिस्किट, जुन्यांना उपास. मीच तर सांगायचे सगळ्यांना. महिनाभर माझ्याच हाताने..." तिने डबा खाली ठेवला. भिंतीला धरत धरत ती दोन पावलं पुढे आली, आणि दोनशे लोकांसमोर, जी बाई फोनवरसुद्धा कुजबुजत होती तिने मोठ्याने विचारलं:

"गुरुजी, कालपासून मला लघवी झालेली नाही. मग विष निघतंय कुठून?"

चिमूटबाबाने बाही पाठीमागे लपवली.

ताईने उत्तराची वाट पाहिली, खरोखर पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चल. कुठे न्यायचं तिथे ने."

बस ड्रायव्हरने तिला जवळजवळ उचलूनच टॅक्सीत बसवलं. आम्ही निघालो तेव्हा लोक डबे परत करायला टेबलाभोवती गोळा झाले होते. नंतर पोलिसांत तक्रार गेली, पण तोवर मागच्या दाराने बाही आणि बाहीतला माणूस दोन्ही पसार झाले होते.

खडा ताईच्या एकुलत्या एका मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडकला होता. डॉक्टरबाईंनी त्याच दुपारी आत नळी घातली. संध्याकाळी पलंगाला लटकवलेल्या पिशवीत लघवी साठायला लागली आणि मी त्या पिशवीकडे बघत ढसाढसा रडले. मूत्रपिंड वाचलं. पूर्वीइतकं नाही, पण पुरेसं.

"खडा त्या पुडीनेच झाला का?" मी विचारलं.

"शपथेवर नाही सांगता येणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खड्याची सवय जुनी, पाणी कमी. पण आगीत तेल ओतलं एवढं नक्की. उद्या आला असतात तर मी काही करू शकले असते की नाही, माहीत नाही."

मला त्या उत्तराचं फार बरं वाटलं. जिला जेवढं माहीत आहे तेवढंच ती सांगते. चिमूटबाबाला सगळंच माहीत होतं.

आता साधी गोष्ट सांगते. सी जीवनसत्त्वाशी माझं वैर नाही. लिंबू पिळा, संत्री खा, डॉक्टरने गोळी दिली तर घ्या. डब्यातली पूड अस्सल होती, त्यात भेसळ नव्हती. पण चांगल्या गोष्टीचंही माप असतं आणि अति तिथे माती होते. ज्या औषधाने बरं वाटलं तरी ते खरं, दुखलं तरी ते खरं आणि काहीच झालं नाही तरी ते खरं, त्याला औषध म्हणू नका. विचारा. किती घ्यायचं, कोणी घ्यायचं नाही, कशावरून म्हणता, हे विचारा. सांगणारा चिडला तर काय ते समजा.

आणि आपल्या माणसाला शहाणं करायला निघालात तर त्याची अक्कल काढू नका. मी काढली होती, आणि त्यापायी तीन दिवस वाया गेले.

ताई आता पाण्याची बाटली मशीनशेजारी ठेवते. महिन्यातून एकदा ती बायकांच्या मंडळात जाते, सोबत आयोडीनची कुपी, लिंबू आणि माझ्या धुलाईघरातली हायपोची बाटली. दारात उभं राहून आधी सगळ्यांना बिस्किट देते. मग ग्लास काळा करते. बायका घाबरतात. ती पाणी स्वच्छ करते. बायका टाळ्या वाजवतात.

टाळ्या थांबेपर्यंत ताई थांबते, आणि मग विचारते, "बायांनो, आत येताना मी तुम्हाला काय खायला दिलं होतं, आठवतंय का?"